पायाला भिंगरी, पाठीवर दोघी

एरोंदिनो बसून जेवताना दिसला, तर ब्राझीलमधल्या आमच्या उना भागात लोक विचारायचे, "काय रे, बरं नाही का?" कारण जेवायचासुद्धा तो उभ्यानं. डाव्या हातात ताटली, घेवड्याच्या उसळीवर भुरभुरलेलं साबुकंदाचं कोरडं पीठ, आणि दारापासून चुलीपर्यंत येरझारा घालत गिळलेले घास. पायाला भिंगरी घेऊनच जन्मलेला माणूस. एक सुगी या मळ्यावर, तर पुढची भलत्याच गावी. कोकोची फळं उतरवून झाली की ऊस तोडायला, ऊस संपला की आणखी कुठं. निरोप घ्यायची सवयच नव्हती त्याला. सकाळी उठून बघावं तर खुंटीला टांगलेली त्याची झोपायची झोळी नाहीशी झालेली असायची. तोच त्याचा निरोप.

असा माणूस देस्कान्सो मळ्यावर आला. देस्कान्सो म्हणजे विसावा. मुकादम वाल्दिव्हियोनं पहिल्याच दिवशी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "नावच बघ मळ्याचं. तुझं इथं जमायचं नाही."

पण तिथं लिंदाउरा होती. बायका गोल बसून कोकोची फळं फोडायच्या, त्यात सगळ्यात वेगानं सुरी चालायची तिची, आणि सुरीपेक्षा जीभ. एरोंदिनो फळांच्या टोपल्या आणून ओतायचा आणि उगीचच तिच्या बाजूनं फेरी मारायचा.

"किती दिवस आहेस?" तिनं एकदा मान वर न करता विचारलं.

"सुगी संपेपर्यंत."

"बरं झालं सांगितलंस. मग मीही सुगी संपेपर्यंत पुरेल एवढाच जीव लावते. उरलेला वाया कशाला घालवू?"

सुगी संपली, पण एरोंदिनोची झोळी खुंटीवरच राहिली. पुढच्या सुगीच्या तोंडावर लिंदाउराच्या आईनं, दोना इझाल्तिनानं, लेकीच्या पोटावर दोन्ही तळवे ठेवले. मजुरांच्या खोल्यांमधली निम्मी पोरं याच हातांवर जन्मलेली. म्हातारीनं तळवे जरा सरकवले आणि ओरडली, "दोन आहेत गं बाई! जावई पळायच्या आत दाराला कडी घाला!"

दोघी मुली झाल्या. नावं ठेवली जुळ्या संतांवरून, कोस्मा आणि दामियाना. पण बाळंतपणानंतर लिंदाउराला ताप चढला तो उतरेना. मळ्याच्या जीपमध्ये घोंगडीवर निजवून तिला इताबुना शहरातल्या इस्पितळात न्यायचं ठरलं. जीप सुटताना ती आईला म्हणाली, "आई, पोरींकडे तू बघ." एरोंदिनो शेजारीच उभा होता, एकेका हातावर एकेक पोर घेऊन. त्याच्याकडं तिनं नुसतं बघितलं, रस्त्यानं चाललेल्या परक्या माणसाकडं बघावं तसं. ती नजर तापासारखी त्याच्या अंगात भिनली.

दोना इझाल्तिनाची बोटं संधिवातानं वाकलेली. ती म्हणाली, "मी एक धरीन. दोन नाही धरता यायच्या." पण एक धरली की दुसरी किंचाळायची, आणि दुसरीचं ऐकून पहिली. पाळण्यात ठेवा, खांद्यावर घ्या, ओवी म्हणा, काही उपयोग नाही. शेवटी वैतागून एरोंदिनोनं आपली झोपायची झोळी मधोमध फाडली. एका तुकड्यात कोस्माला पाठीला बांधलं, दुसऱ्यात दामियानाला छातीला, आणि निघाला. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतंच. पण कोकोच्या बागेत चार पावलं टाकतो न टाकतो तोच दोघी गप्प. तो थांबला. दोघी सुरू. तो चालला. दोघी गप्प.

"बापाच्याच वळणावर गेल्यात," म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली.

तेव्हापासून तो तसाच कामाला जाऊ लागला. लांब काठीच्या आकडीनं फळं उतरवायची, टोपली भरायची, पुढच्या झाडाकडे जायचं. आमच्याकडे कोको उन्हात वाढत नाही. जुन्या रानातली मोठी झाडं सावलीला राखून त्यांच्या खाली तो लावलेला. त्या सावलीतून एरोंदिनो दिवसभर फिरायचा. भूक लागली की पोरी आधी कुरकुरायच्या आणि मग केकाटायच्या, की तो धावत वाळवणाच्या ओट्याकडे. तिथं त्याच्याबरोबर फळं उतरवणाऱ्या जुरांदिरची बायको नेउझा पायांनी कोकोच्या बिया फिरवत असायची. तिचा मुलगा अजून अंगावर पीत होता.

"आण इकडे तुझ्या राण्यांना," ती म्हणायची. "एकेक करून! मी काय गाय आहे?"

दोघी पिऊन झाल्या की तोंड पुसून पुन्हा बापाच्या अंगावर.

हे रोज बघून जुरांदिरला राहवेना. एके दिवशी सगळ्यांच्या देखत त्यानं आरोळी ठोकली, "आला बघा! मिको आला!"

लोक हसून लोळले, कारण नाव तंतोतंत बसलं होतं. मिको आमच्या रानातलं माकड, खारीहून जरासं मोठं. अंग काळं, तोंडाभोवती सिंहासारखी सोनेरी आयाळ, हातही सोनेरी, जणू पिवळ्या रंगात बुडवून काढलेले. मादीला बहुतेक जुळीच होतात. पहिले काही दिवस ती त्यांना वागवते आणि मग नर पुढं येतो. दूध पाजण्यापुरती पोरं आईकडे, बाकी सारा वेळ बापाच्या पाठीवर. बाप थकला तर थोरली भावंडं घेतात. आमच्याकडच्या बायका नवऱ्यांना टोमणा मारायचा झाला तर मिकोचाच मारतात.

एरोंदिनो हसला नाही. "मिको तर मिको," म्हणाला आणि टोपली उचलून गेला. पण त्या दिवसापासून तो त्यांच्याकडे बघू लागला.

बागेच्या ओढ्याकडच्या अंगाला एक टोळी होती. उन्हं चांगली वर आली की लांबलचक शीळ ऐकू यायची, पलीकडून दुसऱ्या टोळीची शीळ उत्तर द्यायची. इथवर आमचं, तिथवर तुमचं, असं भांडण रोज चालायचं. मग खाणं. फांद्यांवर अननसासारख्या पानांचे झुबके असतात, त्यांच्या पोटात पावसाचं पाणी साचतं. मिको त्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपायचे. लांब बारीक बोटं, शेवटाला नखं. कधी झुरळ निघायचं, कधी टोळ, कधी इवलासा बेडूक. एखाद्यानं काही बाहेर काढलं की पाठीवरचं पिल्लू असं काही रडगाणं लावायचं की विचारू नका. नर घास तोंडाशी नेता नेता थांबायचा, हात लांब करायचा आणि पिल्लू तो हिसकावून घ्यायचं. एरोंदिनोच्या हातातल्या केळ्याचंही पुढं तेच होणार होतं.

कधी घार सावली टाकून गेली तर एक चिरकी हाक व्हायची आणि सगळी टोळी दगडासारखी वेलींच्या जाळीत पडायची. नर पाठ झाडाच्या बाजूला करून बसायचा, म्हणजे पोरं आत. डोकं मात्र एकसारखं हलत राहायचं. डावीकडे, उजवीकडे, वर. त्या मानेला स्वस्थता म्हणून नव्हती. एरोंदिनो खाली उभा राहून बघायचा आणि त्याचीही मान नकळत तशीच फिरायची.

संध्याकाळच्या बऱ्याच आधी ते एका म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत शिरायचे. सगळ्यात शेवटचा तोंड बाहेर काढून चौफेर बघायचा आणि मग सोनेरी डोकं आत ओढून घ्यायचा. आत कसे एकमेकांना बिलगून झोपत असतील, याचा विचार करत एरोंदिनो घरी परतायचा.

त्याच वर्षी आमच्या मळ्यावर चेटकिणीची केरसुणी आली. कोकोच्या रोगाचं नावच ते. कोवळ्या फांदीला पानांऐवजी वाळक्या काड्यांचे झुबके फुटतात, फळं काळी पडून झाडावरच दगड होतात. शेजारचे मळे आधीच गेले होते. आमचा मालक शहरात राहायचा. तो आला, बागेतून नाकाला रुमाल लावून हिंडला आणि वाल्दिव्हियोला सांगून गेला, कोको तर बुडालाच, निदान सावलीच्या झाडांचं लाकूड विका.

आकडीची कामं संपली आणि कुऱ्हाडीची, करवतीची सुरू झाली. एरोंदिनोलाही दुसरं काम नव्हतं. ओढ्याकडच्या त्या म्हाताऱ्या झाडाशी लोक पोचले, तेव्हा तो मुकादमाला म्हणाला, "हे पोकळ आहे. याचं लाकूड कोण घेणार?"

"पोकळ असलं तरी खालचं खोड पक्कं आहे."

"त्यात मिको झोपतात."

वाल्दिव्हियोनं घाम पुसला. माणूस वाईट नव्हता. "अरे, उद्या आपण कुठं झोपणार ते मला सांगता येईना, आणि तू मिकोंचं सांगतोस? दोर धर."

एरोंदिनोनं दोर धरला. भरदुपार होती, टोळी कुठंतरी लांब चरत होती. झाड आडवं झालं तेव्हा छातीवरची दामियाना दचकून रडली, एवढंच.

उन्हं उतरल्यावर मिको आले. रोजच्या वाटेनं, फांदीवरून फांदीवर, आणि शेवटची फांदीच नव्हती. पुढचा थबकला. मागचे त्याच्यावर आदळले. मग सगळी टोळी त्या उजेडाच्या भोकाभोवती फिरू लागली. आवाज करायचे, पुढं यायचे, मागं पळायचे, पुन्हा तिथंच यायचे. नर पाठीवर दोन्ही पिल्लं घेऊन पार खाली बुंध्यापर्यंत उतरला, खुंटावर बसला, खुंट हुंगला. एरवी जमिनीवर न येणारा प्राणी. एरोंदिनो जवळच्या कोकोमागं उभा होता आणि त्याच्या दोघी एव्हाना चालणं थांबल्यामुळं मुसमुसत होत्या, तरी त्याला पाऊल उचलवेना. अंधार व्हायच्या बेतात टोळी एका वेलींच्या जाळीत कशीबशी अंग कोंबून बसली.

पुढचे कितीतरी दिवस ते कधी या जाळीत, कधी त्या फणसावर झोपत होते. मग एका सकाळी शीळ झालीच नाही. एरोंदिनो शोधत गेला. वेलींच्या जाळीखाली इराराच्या पंजांच्या खुणा होत्या. हा इरारा म्हणजे मुंगसाचा दांडगा भाऊ, झाडावर सरसर चढणारा. टोळी पलीकडच्या काठाला सापडली. नराच्या पाठीवर एकच पिल्लू होतं. तो सारखा मान वळवून आपल्याच पाठीकडं बघत होता.

एरोंदिनोनं हात मागं नेऊन कोस्माला चाचपलं. मग छातीवरचीला. मग पुन्हा कोस्माला. घरी पोचेपर्यंत तो हेच करत राहिला, आणि त्या रात्रीपासून त्याची झोप उडाली ती उडालीच. दाराला काठी लावायचा, उठून काठी बघायचा. पाळीव कुत्रंही पोरींजवळ फिरकलं तर दगड मारायचा.

"वेड लागलंय याला," म्हातारी म्हणाली. "घरात कुठला आलाय इरारा?"

इकडे माणसं निघून चालली होती. रोज कुणाच्या ना कुणाच्या दाराला बाहेरून दोरी बांधलेली दिसायची. मे महिन्यात दक्षिणेकडचा कॉफीचा हंगाम सुरू होतो. तिकडं माणसं न्यायला ट्रक आला. जुरांदिर आणि नेउझानं बोचकी बांधली.

"चल," जुरांदिर म्हणाला. "तुझ्यासारखा चपळ माणूस कॉफीला सोन्यासारखा. पोरी ठेव म्हातारीकडं. हंगाम करून परत ये."

"आणि दूध?"

नेउझा खाली बघत म्हणाली, "आता पेजेवर राहतील रे. दात आलेत." मग तिनं दोघींना शेवटचं पाजलं आणि ट्रकमध्ये चढून तोंड फिरवून बसली.

खरं सांगायचं तर एरोंदिनोचे पाय ट्रक बघूनच शिवशिवत होते. किती महिने झाले होते एका जागी! त्यात इताबुनाहून निरोप होता, लिंदाउराच्या छातीत पाणी झालंय, अजून सोडत नाहीत. ती येईल की नाही कुणाला ठाऊक, आणि आली तरी त्याच नजरेनं बघणार. त्यानं पोरी दोना इझाल्तिनाच्या मांडीवर ठेवल्या. "पोरींचं पोट बिघडलंय. गावातून औषध आणतो."

म्हातारीनं ट्रककडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. "आण," म्हणाली.

ट्रकमध्ये लोक गात होते, बाटली फिरत होती. एरोंदिनोला बसायला चांगली जागा मिळाली, पोत्याला टेकून. आणि तो बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला पळावं लागत नव्हतं, ट्रकच त्याच्याऐवजी पळत होता. पण पाठ पोत्याला टेकली की तो दचकून पुढं सरकायचा. चिरडेल ना! मग आठवायचं, मागं कुणी नाही. पुन्हा टेकायचा, पुन्हा दचकायचा.

"पिसवा चावतायत का रे?" जुरांदिर म्हणाला.

हमरस्त्याच्या तिठ्यावर ट्रक तेल भरायला थांबला. एरोंदिनो पाय मोकळे करायला म्हणून उतरला. ट्रकभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला तो ट्रकच्या मागच्या अंगाला गेला तो आलाच नाही. जुरांदिरनं उभं राहून बघितलं तर हा आलेल्या रस्त्यानं परत चाललेला, लांब ढांगा टाकत.

"अरे मिको!" जुरांदिर ओरडला. "मूर्खा! उपाशी मरशील तिथं!"

एरोंदिनोनं मागं न बघता हात हलवला.

तो पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती आणि दोघींचं रडणं ओढ्यापलीकडूनच ऐकू येत होतं. म्हातारी दारातच उभी, केस विस्कटलेले. तिनं एकेक करून दोघींना त्याच्या अंगावर जवळजवळ फेकलं. "घे! मारलं मला आज यांनी!" आणि थोड्या वेळानं, पेज ढवळता ढवळता विचारलं, "औषध मिळालं?"

"दुकान बंद होतं."

"हं. त्या दुकानाचं असंच आहे," म्हातारी म्हणाली. पुन्हा तो विषय तिनं मरेपर्यंत काढला नाही.

लिंदाउरा आली ती जुलैत, आमच्याकडच्या थंडीत. कुणाला न कळवता, बसनं तिठ्यापर्यंत आणि पुढं दुधाच्या गाडीवरून. अर्धी झाली होती, गळ्याची हाडं वर आलेली. एरोंदिनो तेव्हा बागेतून फणस घेऊन येत होता. एक पोर पाठीवर, एक पोटाशी, फणस डोक्यावर. समोरासमोर आले दोघं.

"तू आहेस?" ती म्हणाली.

त्याला फणस खाली ठेवावा हेही सुचेना.

"मी पोरींना न्यायला आले होते," लिंदाउरा म्हणाली. "बहिणीच्या ओळखीनं काम बघितलंय इताबुनात. वाटलं, आईकडं असतील. तू गेला असशील असं धरूनच चालले होते मी. तिकडं पडल्या पडल्या रोज ठरवायचे, आज गेला असेल. आज तरी नक्की गेला असेल."

"मग?"

"मग काय! सगळे हिशेब चुकले माझे," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिनं हात पुढं केले. पण दामियानानं बापाच्या सदऱ्यात तोंड खुपसलं, आणि कोस्मानं तर नव्या बाईला बघून भोकाडच पसरलं. लिंदाउराचे हात तसेच राहिले.

"बसून घ्यायची नाही," एरोंदिनो घाईघाईनं म्हणाला. "चालत घ्यावी लागते. हिचं असंच आहे, मनावर घेऊ नकोस. आधी माझ्याबरोबर चाल. माझ्या मागं, जवळून. तुझा वास येऊ दे तिला."

तशी ती चालू लागली. दम लागायचा, थांबायची, तोही थांबायचा आणि पोरी रडायच्या आत पुन्हा निघायचा. रोज सकाळ-संध्याकाळ हे चाललं. आधी कोस्मानं पाठीवरून हात लांब करून तिच्या कानातलं ओढलं. मग एक दिवस चालता चालता एरोंदिनोनं झोळीची गाठ सोडून तिला लिंदाउराच्या पाठीला बांधलं. पोरगी क्षणभर ताठ झाली. लिंदाउरा न थांबता चालत राहिली, ओढ्यापर्यंत, ओढ्याच्या पलीकडं, वाळलेल्या कोकोंच्या रांगा संपेपर्यंत. तिथं तिला मानेवर ऊन ऊन श्वास लागला. झोपली होती.

"आता काय करू?" ती कुजबुजली.

"परत फीर. हळू."

इताबुनाचं काम तिनं घेतलं नाही. घ्यायचं की नाही यावर मात्र दोघं महिनाभर भांडले. एरोंदिनो म्हणायचा, "जाऊ या," कारण जाणं त्याला सोपं. ती म्हणायची, "या पोरी शहरातल्या खोलीत कुठं चालणार?" मालकानं मजुरांना पगाराऐवजी जमिनीचा एकेक तुकडा वापरायला दिला होता, त्यात त्यांनी साबुकंद आणि केळी लावली, फणस विकले. पोट भरायचं, कधी नाही भरायचं. ओढ्यापलीकडच्या टोळीला एका फणसाच्या ढोलीत जागा मिळाली, त्यातल्या मधमाश्या उठून गेल्यावर. त्या फणसाखाली एरोंदिनो कुणाला कुऱ्हाड घेऊन फिरकू देईना, मुकादमालाही. झाडं तशी संपलीच होती म्हणा.

सप्टेंबरात जुळ्या संतांचा सण आला. आमच्याकडं ज्या घरात जुळी, त्या घरानं भेंडीचं कालवण, कारुरू, करायचं आणि मोठ्यांच्या आधी सात पोरांना चटईवर बसवून जेवू घालायचं. दोना इझाल्तिनानं कुठून कुठून सुकट आणि लाल पामतेल जमवलं. लिंदाउरा भेंडी चिरायला बसली. तेव्हा लक्षात आलं की खोल्यांमध्ये पोरंच उरली नव्हती.

"मी आणतो," एरोंदिनो म्हणाला. लगेच निघालासुद्धा. दोन मळे पालथे घालून, कुणाच्या आयांना विनवण्या करून, कुणाला खांद्यावर घेऊन तो परतला तेव्हा पातेलं चुलीवरून उतरलं होतं.

"पाचच?" म्हातारी दारात कमरेवर हात ठेवून उभी. "सात लागतात. पुन्हा जा."

"या दोघी आहेत की."

"यांच्याच नावाचं जेवण आणि यांनाच पंगतीत बसवतोस?"

"का? संतांनी पोरं पाठवायची, संतांनीच जेवायचं, आणि यांनी नुसतं बघायचं?"

लिंदाउरा पातेल्यामागून हसली. म्हातारी काहीतरी पुटपुटली, पण चटई सरकवून तिनं जागा केली. पाच परकी पोरं आधी लाजली, मग हातांनी तुटून पडली. दामियानाला भेंडीचा चिकट घास हातात धरता येईना. तो निसटायचा, ती पकडायची, पुन्हा निसटायचा. कोस्मा आपलं सोडून शेजारच्या पोराच्या पानात हात घालत होती. ते पोर ओरडलं, "ही माझं खाते!"

"खाऊ दे रे बाबा," एरोंदिनो म्हणाला आणि त्याच्या पानात आणखी वाढायला पातेल्याकडं वळला.